प्रार्थनेत लेकराचं नाव

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या तीन घरांत मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात राहिले, त्या तिन्ही घरांत कुटुंबप्रार्थना रात्रीच्या जेवणाआधी होते. भाकरी टोपलीत झाकून ठेवलेल्या असतात, टीव्ही बंद केला जातो. एक गीत, शास्त्रातला एक उतारा, आणि मग घरातले कर्ते माणूस डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करते. पुण्याला आमच्या घरी ही प्रार्थना छापील पुस्तकातून वाचली जात असे. तीत कोणाचे नाव घालायला जागा नव्हती. इकडे ती तोंडची असते, आणि तोंडच्या प्रार्थनेत घरातल्या तरुण मुलांचे काय होते ते पाहण्यासाठी हा प्रवास होता.

प्रवास वंदनाताई साळवे यांचा. मी बरोबर होते. ताई पंचेचाळिशीच्या आहेत. पूर्वी मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. आता जिल्ह्यातल्या लहान लहान मंडळ्यांतल्या तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींचे काम पाहतात. मंडळी म्हणजे एका चर्चची माणसे. कुठे ती पंधरा घरांची आहे, कुठे चारच घरांची. ताई जुनी पांढरी व्हॅन स्वतः चालवतात.

"शिबिरात मी पोरांना दर वर्षी एकच प्रश्न विचारते," त्यांनी यवतमाळहून निघतानाच सांगितले. "घरी सगळ्यांत जास्त राग कशाचा येतो? मला वाटलं होतं, मोबाईल काढून घेतात त्याचा म्हणतील. नाही. म्हणतात, बाबांच्या प्रार्थनेचा."

नमुना त्यांनीच ऐकवला. 'हे प्रभू, दहावीचं वर्ष असून ज्याला सकाळ-संध्याकाळ क्रिकेट सुचतं, त्याला तू सद्बुद्धी दे.' बाप हे हात जोडून, डोळे मिटून म्हणतो. मुलाला उत्तर देता येत नाही. मध्येच बोलणे म्हणजे देव आणि माणूस यांच्या मध्ये बोलणे. शेवटी त्याला 'आमेन' मात्र म्हणावे लागते.

"प्रभूच्या खांद्यावर बंदूक ठेवून पोरावर गोळी," ताई म्हणाल्या.

त्यावर त्यांनी एक नियम काढला आहे. पाच संध्याकाळी आईबापांनी प्रार्थनेत मुलाचे नाव घ्यायचे ते फक्त आभार मानण्यासाठी. तक्रार असेल, काळजी असेल, तर ती थेट मुलाशी बोलायची. नियम सोपा आहे. पाळताना माणसांचे काय होते ते पुढे आहे.

सोमवार, कळंब

दानिएल खंडारे यांचे शिलाईचे दुकान आणि घर एकच. पुढच्या खोलीत मशीन, मागे दोन खोल्या. नाताळ तीन आठवड्यांवर आलेला, त्यामुळे मशीनभोवती झालरीच्या फ्रॉकांचा आणि पांढऱ्या शर्टांचा ढीग होता. चिंतामणीच्या दर्शनाला आलेली एक बाई गळ्याजवळ उसवलेला ब्लाउज टाचून घ्यायला थांबली होती. खंडारे यांनी तो तिथल्या तिथे टाचून दिला आणि तिला पाणी पाजले. माणूस मऊ आहे. मंडळीतले ते एक वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी.

त्यांची मुलगी प्रेरणा सोळा वर्षांची आहे, अकरावीत शिकते. आम्ही गेलो तेव्हा ती पायरीवर बसून सोले, म्हणजे तुरीच्या हिरव्या शेंगांचे दाणे, काढत होती. तिने आम्हाला आत नेले, चहा आणला. वडिलांच्या हातात मात्र कप दिला नाही. आईकडे दिला आणि म्हणाली, "बाबाले दे."

खंडारे तीन हातांवर बसले होते.

कारण शोभाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, भाकरी थापताना सांगितले. दोन महिन्यांपूर्वी क्लासवरून परत येताना प्रेरणा वडिलांना म्हणाली होती, की ती चर्चमध्ये गाते, हार्मोनियम वाजवते, पण जे गाते ते तिला खरेच पटते का, हे तिला कळेनासे झाले आहे. वडील काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांच्याच घरी मंडळीची घरप्रार्थना होती. आठ कुटुंबे दाटीवाटीने बसलेली. प्रार्थना करता करता खंडारे म्हणाले, "प्रभू, माह्या प्रेरणाचा विश्वास डळमळून राह्यला. तिले सावर."

आठही कुटुंबांनी 'आमेन' म्हटले.

पुढच्या रविवारी चर्चच्या दारात तीन बायकांनी प्रेरणाला मिठी मारली. एकीने डोक्याला लावायला प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली दिली. पास्टरांनी एक पुस्तिका दिली. गायकवृंदातल्या एका मुलाने विचारले, "तू आता चर्च सोडणार काय?" त्या दिवसापासून ती घरच्या प्रार्थनेला बसत नाही, गात नाही आणि वडिलांशी आईमार्फत बोलते. बारावीसाठी तिला नागपूरला मावशीकडे जायचे आहे. मावशीने होकार दिला आहे. शोभाबाईंनी येत्या रविवारी बहिणीला फोन करून नक्की काय ते कळवायचे होते.

"वर्षासाठी जाते म्हणते," भाकरी तव्यावर टाकत शोभाबाई म्हणाल्या. "पण अशी रागात गेलेली पोरगी परत येत नसते, मॅडम. मी बी अशीच आलती माहेरून."

खंडारे यांना आपली चूक कळलेली नव्हती. किंवा कळली होती आणि सापडत नव्हती.

"मी कोणाले सांगितलं, ताई? प्रभूलेच तं सांगितलं."

"आठ घरांच्या देखत," ताई म्हणाल्या.

"आता प्रभू काय एकटा राह्यते का जी?"

ताईंनी त्यांना नियम समजावला. मग म्हणाल्या, "आणि प्रेरणाला मी घेऊन जाते. झरी आणि ढाणकीला मला गाणारं कोणी हवं आहे."

"मी गाणार नाही," दारातून आवाज आला. "पेटी वाजवीन."

संध्याकाळच्या प्रार्थनेला ती पायरीवरच बसली, आमच्याकडे पाठ करून. खंडारे यांनी डोळे मिटले. आजवर त्यांच्या प्रार्थनेत मुलीसाठी विनंत्या असत. आभार शोधायला वेळ लागला. बाहेरून एक ट्रक गेला, मग एक मोटरसायकल.

"प्रभू," शेवटी ते म्हणाले, "आज प्रेरणानं दळण आणलं, त्याबद्दल तुझे आभार."

"दळण आईनं आणलं," पायरीवरून उत्तर आले.

शोभाबाई पदरात तोंड लपवून हसल्या. मग जेवलो. सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा. आमटीला हिरव्या दाण्यांचा जो गोडवा असतो, तो वाळलेल्या डाळीतून येत नाही. मी दोनदा वाढून घेतली.

मंगळवार आणि बुधवार, झरी जामणी

पांढरकवड्यानंतर सागाचे जंगल लागते. झरी जामणी तालुक्यातला शेवटचा रस्ता कच्चा होता आणि व्हॅनच्या मागच्या सीटवर हार्मोनियम होती. सोनाबाई आत्राम यांच्या अंगणात ती उतरवली तेव्हा एक पट्टी आत अडकून बसली होती. भाता हलवला की तो एकच सूर वाजू लागे आणि थांबत नसे. मंगळवारच्या संध्याकाळी चारही गीते त्या सुराच्या सोबतीने झाली. मंडळीला फरक जाणवला नाही. एका आजोबांनी आवाज भरदार झाल्याबद्दल प्रेरणाचे कौतुकही केले.

सोनाबाई कोलाम या आदिवासी जमातीच्या आहेत. घरच्या कोरडवाहू कपाशीत आणि जंगलाच्या कामावर त्यांचे वर्ष जाते. नवरा कामासाठी तेलंगणात असतो, त्यामुळे प्रार्थना त्याच चालवतात. मुलगा दाविद चौदा वर्षांचा. त्याच्या ओठावर मिसरूड फुटली आहे आणि तिच्याविषयी कोणी काही बोललेले त्याला चालत नाही.

इथली प्रार्थना मी आधी पाहिली नव्हती. सोनाबाईंनी खूण केली आणि घरात जमलेली अकरा माणसे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागली. प्रत्येकाची वेगळी. कोणी कोलामीत, कोणी मराठीत, एक म्हातारी दोन्हींत. कोण काय मागतो ते शेजारच्यालाही कळत नव्हते. पाच-सात मिनिटांनी आवाज आपोआप खाली आला आणि थांबला.

इथे टोमण्याची सोयच नाही, हे ताईंच्या आधी प्रेरणाच्या लक्षात आले. जेवताना तिने दाविदला विचारले, "तुझी आई प्रार्थनेत तुझ्याबद्दल काय बोलते?"

"मले काय माहीत? मी माह्यं बोलत राह्यतो."

"कधी ऐकलंच नाही?"

"एकदा ऐकलं. बकरीबद्दल बोलून राह्यली होती."

प्रेरणा मोठ्याने हसली. कळंब सोडल्यापासून पहिल्यांदा. मग तिने सोनाबाईंना विचारले, "काकू, सगळे एकदम बोलल्यावर देवाले ऐकू कसं येते?"

सोनाबाई ताटात भाजी वाढत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "बाजारात हजार लोकं ओरडत असते. माय आपल्या पोराचा आवाज वळखते का नाही?"

बुधवारी सकाळी आम्ही कापूस वेचायला गेलो. दवाने बोंडे ओली असतात म्हणून ऊन चढेपर्यंत थांबावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. मी सात वाजता तयार होऊन उभी होते आणि त्यावर सोनाबाईंच्या घरात बराच वेळ विनोद झाले. वेचताना कमरेला कापडाची ओटी बांधतात. प्रेरणाची ओटी भरली तेव्हा माझ्या ओटीत मूठभर कापूस आणि पुष्कळ पाचोळा होता. दुपारी दाविदने हार्मोनियम उघडली, कडुलिंबाच्या काडीने पट्टीच्या फटीत अडकलेला खडा काढला आणि पेटी पूर्ववत केली. त्या संध्याकाळी आजोबा म्हणाले, आज पेटी जरा अशक्त वाटते.

खंडारे यांचा फोन दोन्ही दिवस आला. त्यांच्याकडे एकच प्रश्न होता.

"ताई, पोरगी घरातच नाही. आभार कशाचे मानू?"

"मागचं आठवा," ताईंनी सांगितले. "सोळा वर्षं घरात होती. काहीतरी सापडेल."

गुरुवार, रस्त्यावर

झरीहून ढाणकीला जायचे म्हणजे जिल्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडायचा. त्यातले लिहिण्यासारखे दोनच प्रसंग. पहिला आर्णीच्या अलीकडे टायर पंक्चर झाल्याचा. दुरुस्तीच्या टपरीवाल्याने हार्मोनियम पाहून आधी 'काही तरी म्हणा' अशी मागणी केली आणि मगच पान्याला हात लावला. प्रेरणाने एक गीत वाजवले. टपरीवाल्याने बोनटवर ताल धरला.

दुसरा प्रसंग फोनचा. ताई गाडी चालवत होत्या म्हणून फोन मी धरला होता, आणि तो स्पीकरवर होता. पलीकडे खंडारे होते.

"सापडलं, ताई! पहिलीत होती पोरगी. माह्या शर्टाचं बटन तुटलं होतं. मी शिंपी माणूस, अन् हे पोट्टी म्हणते, बाबा, मी लावून देतो. काज एकीकडं, बटन भलतीकडं. दिवसभर तसाच तिरपा शर्ट घालून दुकानात बसलो होतो. लोकं हसत होते. त्याबद्दल काल आभार मानले. चालते ना?"

"चालतं," ताई म्हणाल्या. "फार चालतं."

मागच्या सीटवर प्रेरणा खिडकीबाहेर पाहत होती. "तिरपा नव्हता," ती कोणाला उद्देशून नाही अशी म्हणाली. "थोडासा वर होता."

मग ताईंशी ती बोलू लागली. विषय तिनेच काढला. एखादी गोष्ट पटते की नाही हे कळत नसेल, तर गाणे ढोंग होते का, असा तिचा प्रश्न होता. ताईंनी शास्त्रातले वचन काढले नाही. त्या म्हणाल्या, "वसतिगृहात मला मुली असंच विचारायच्या. ज्या विचारायच्या त्यांची काळजी मला कमी वाटायची. न विचारता नुसत्या मान हलवणाऱ्यांची जास्त." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू बाबांना सांगितलंस, ते बरोबरच केलंस. चुकीची गोष्ट त्यानंतर झाली."

प्रेरणाने खिडकीला डोके टेकले. महागावपर्यंत ती झोपली.

शुक्रवार, ढाणकीजवळचा तांडा

बाबूसिंग राठोड यांचा तांडा ढाणकीपासून थोड्या अंतरावर आहे. सोयाबीन काढून झालेले, तूर उभी, अंगणात म्हैस. घरात आपसांत गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा, बोलतात आणि पाहुण्यांशी मराठी, पण आग्रह करताना भाषा बदलायचे विसरतात. बाबूसिंग यांच्या आईने प्रेरणाचा हात धरून "छोरी, आव, बेस" म्हणत तिला चुलीजवळच बसवले आणि तिच्या पुढ्यात कोंबडीचा रस्सा ठेवला. नको म्हणायला अवकाश दिला नाही. आमच्याकडे पाहुण्याला 'घेणार का?' असे विचारतात. इथे तो प्रश्नच नाही.

दुपारी चिंचेखाली ताईंचा वर्ग झाला. चौदा मुलेमुली आली. पहिला तास मुलींचा वेगळा आणि मुलांचा वेगळा. मासिक पाळी, आवाज फुटणे, मुरुम, घामाचा वास, जे घरी कोणी बोलत नाही ते सगळे. ताई शब्द चोरत नाहीत. त्यामुळे मुलेही दहा मिनिटांत लाजायचे थांबतात. नंतरच्या तासाला आईबापही येऊन बसले आणि वाद पेटला. प्रश्न बाबूसिंग यांच्या मुलाचा, पंधरा वर्षांच्या अजयचा: फोनचा पासवर्ड आईबापांना द्यावा का?

"द्यावाच कायले?" अजय म्हणाला. "लपवासारखं काही नाही."

"नाही तं मंग दे ना," बाबूसिंग म्हणाले.

"तुमचा द्या आधी."

अंगण हसले. बाबूसिंग यांनी खिशावर हात ठेवला. ताईंनी निकाल दिला नाही. त्यांनी प्रत्येकाला विचारले, की घरात कोणती गोष्ट कोणाला सांगितली तर ती तिथेच राहते याची खात्री आहे. बहुतेकांनी आजीचे नाव घेतले. दोघांनी कोणाचेच घेतले नाही. त्या दोघांचे आईबाप समोर बसलेले होते. हसणे थांबले. एका आईने पदर नीट केला आणि मुलाकडे पाहिले. मला वाटते, त्या दुपारचे खरे काम तेवढेच झाले आणि ते पुरेसे होते.

संध्याकाळी अंगणात पंचवीसेक माणसे जमली. प्रेरणा पेटीवर होती. गीत संपत आले असता ताईंचा फोन वाजला. खंडारे म्हणत होते, आज पाचवा दिवस. मला तुमच्याबरोबर प्रार्थना करू द्या. ताईंनी हो म्हटले. त्यांनी नाही म्हणायला हवे होते, असे त्या नंतर म्हणाल्या. बाबूसिंग यांनी आवाज मोठा व्हावा म्हणून फोन एका रिकाम्या घमेल्यात ठेवला आणि घमेले मधोमध.

खंडारे यांनी सुरुवात चांगली केली. तांड्याबद्दल आभार, पिकाबद्दल आभार, प्रेरणाच्या पेटीबद्दल आभार. मग ते म्हणाले,

"प्रभू, मी चुकलो. माह्या लेकीनं मले एकट्याले सांगितलं होतं का तिचा विश्वास डळमळून राह्यला, अन् मी आठ घरांसमोर बोल्लो. मले क्षमा कर, प्रभू."

घमेल्यातून प्रत्येक शब्द खणखणीत आला. तांड्यावर कोणाला काही माहीत नव्हते. आता पंचवीस माणसांना माहीत झाले. बाबूसिंग यांच्या आईने डोळे पुसत सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हटले आणि प्रेरणाला मिठी मारायला ती उठली.

प्रेरणाने भाता मिटला. "घ्या," ती म्हणाली. "आता ढाणकीलेही माहीत." आणि गोठ्याकडे चालत गेली.

"हॅलो?" घमेल्यातून आवाज येत होता. "आमेन झालं का जी?"

ताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. आम्ही गोठ्यापाशी गेलो तेव्हा प्रेरणा म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकून उभी होती. ती हसत होती आणि रडतही होती.

"बाबा वाईट नाही, ताई," ती म्हणाली. "पण पाहा ना, थे पुन्हा प्रभूलेच सांगून राह्यले. मले कधी सांगतील?"

हे बाबांना सांगून टाकू का, असे ताईंनी विचारले. ती नको म्हणाली. कळलेच तर त्यांचे त्यांना कळू दे.

मागोमाग आजी आलीच. तिने प्रेरणाची हनुवटी वर केली. "डळमळते तं डळमळू दे, छोरी," ती म्हणाली. "माह्याबी डळमळते. उन्हाळ्यात जास्त."

शनिवार, कळंब

आम्ही चारच्या सुमारास पोचलो. खंडारे मशीनवर होते, गळ्यात टेप, समोर पांढऱ्या शर्टाची कॉलर. प्रेरणा पिशवी खांद्यावर घेऊनच आत गेली आणि मशीनसमोर उभी राहिली. ते उठले. काही बोलायचे म्हणून त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले.

"प्रभू..."

"डोळे उघडा, बाबा. मी इथं आहो."

त्यांनी डोळे उघडले. हात तसेच जोडलेले राहिले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नसावे. मशीनवर टेकलेल्या एका गिऱ्हाइकाने आपला शर्ट न मागता दुकान सोडले.

"चुकलं माह्यं, बेटा," ते म्हणाले.

प्रेरणाने पिशवी खाली ठेवली.

"मले भेव वाटलं. तू दूर जाशीन असं वाटलं. अन् भेव वाटलं का मले दुसरं काही येत नाही. प्रार्थनाच येते."

"मंग करा ना. मी कधी नोको म्हटलं? पण माह्यी गोष्ट मले विचारून सांगा. देवालेही."

"देवालेही?"

"मोठ्यानं सांगायची असली तं. मनात सांगा, किती सांगायची तितकी."

खंडारे यांनी यावर विचार केला. कापड कापण्याआधी करतात तसा. "बरं," ते म्हणाले.

नंतर दोघे पायरीवर जाऊन बसले. तिथे काय बोलणे झाले ते मी ऐकलेले नाही, त्यामुळे लिहीत नाही. शोभाबाईंनी चहा दोनदा गरम केला आणि दोन्ही वेळा नेला नाही. तिसऱ्यांदा नेला तेव्हा प्रेरणाने ट्रेमधला एक कप उचलून वडिलांच्या हातात दिला. शोभाबाई आत आल्या आणि कारण नसताना त्यांनी पुसलेली भांडी पुन्हा पुसली.

दिवे लागल्यावर टीव्ही बंद झाला. भाकरी झाकल्या. प्रेरणा आत येऊन आईशेजारी मांडी घालून बसली. गीत तिनेच सुरू केले. पहिल्या ओळीला आवाज घोगरा होता, दुसरीला मोकळा झाला. उतारा शोभाबाईंनी वाचला. खंडारे प्रार्थनेसाठी घसा साफ करत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आज मी करते."

खंडारे यांनी ताईंकडे पाहिले. ताईंनी मान हलवली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी अर्धवट.

"प्रभू," प्रेरणा म्हणाली, "तू ऐकून राह्यला असशील तं ऐक. मले अजून सगळं पटलं नाही, अन् हे मी माह्या तोंडानं सांगून राह्यली, म्हणून कोणी मिठ्या मारू नका. झरीच्या काकूंबद्दल आभार. ढाणकीच्या आजीबद्दल आभार. बाबा आज डोळे उघडून बोलले, त्याबद्दल आभार." मग तिने आवाजात गांभीर्य आणले. बापाचेच गांभीर्य, तीच चाल. "अन् प्रभू, आमच्या घरात एक माणूस आहे, ज्याले शुगर असून बसस्टँडवर जाऊन जिलेबी खाल्ल्याशिवाय जमत नाही. त्याले तू सद्बुद्धी दे."

"हे तुले कोणं सांगितलं?" खंडारे यांचे डोळे उघडले होते.

"नियम आईबापांले होता," डोळे न उघडता प्रेरणा म्हणाली. "मध्ये बोलू नका."

"एकच खाल्ली होती."

"प्रभू, तुले माहीत आहे. दोन."

शोभाबाई जमिनीवर हात टेकून हसत होत्या. ताईंच्या डोळ्यांतून पाणी येत होते. खंडारे यांनी हात जोडले, डोळे पुन्हा मिटले, आणि उत्तर देता येत नाही म्हणजे काय असते ते बहुधा पहिल्यांदाच अनुभवत, 'आमेन' म्हटले.

जेवणे झाल्यावर शोभाबाईंनी प्रेरणाला विचारून घेतले आणि रविवारची वाट पाहिली नाही. त्यांनी बहिणीला नागपूरला फोन लावला.

"नाही, येऊन नाही राह्यली," त्या सांगत होत्या. "काहून म्हणजे? इथं काम आहे तिले. बापाकडं पाहावं लागते."